कुलूप की कुवत? कापलेल्या विंडोजचा स्वस्त लॅपटॉप वापरता येईल असा कसा करायचा

भाचीचा फोन रात्री दहाला आला. "मावशी, नवा लॅपटॉप बिघडलाय गं. काहीच इन्स्टॉल होत नाहीये."

लॅपटॉप तीन दिवसांचा होता. मी म्हटलं, पडद्यावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं वाच. तिनं वाचलं. सुरक्षितता आणि वेग यांसाठी विंडोजचा हा मोड मायक्रोसॉफ्टने तपासलेलीच अ‍ॅप चालवतो, अशा अर्थाचं काहीतरी होतं. यालाच 'एस मोड' म्हणतात. म्हणजे बिघडलेलं काहीच नव्हतं. लॅपटॉप जसा बनवला होता तसाच वागत होता, फक्त विकताना कुणी तिला ते सांगितलं नव्हतं.

मी इंजिनिअर नाही. दिवसभर हिशेब लिहिते. पण नात्यात कुणाचा लॅपटॉप रुसला की फोन माझ्याकडेच येतो, कारण या वाटेवर मी आधी ठेचकाळलेली आहे. २०१० मध्ये मी हौसेनं एक छोटी नेटबुक घेतली होती. आत विंडोज ७ स्टार्टर. घरी आल्यावर पहिलं काम म्हणून वॉलपेपर बदलायला गेले, तर ती सोयच नव्हती. मला वाटलं, मलाच सापडत नाहीये. अर्धा तास शोधलं. ती सोय त्या आवृत्तीतून काढूनच टाकलेली होती! दुसरा मॉनिटर जोडून पडदा वाढवायची सोयही तशीच गायब. आणि म्हणे आम्ही नशीबवान, कारण एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालू द्यायचे असा त्या स्टार्टरचा मूळ बेत होता, तो २००९ मध्ये बाजारात यायच्या आधी रद्द झाला. त्याच्या आधीच्या एक्सपी स्टार्टरला ती तीनची मर्यादा खरोखरच होती.

त्या नेटबुकचं खरं दुखणं वेगळंच निघालं. पडद्याची उंची जेमतेम ६०० पिक्सेल, त्यामुळे बऱ्याच खिडक्यांचं 'ओके' बटण पडद्याच्या खाली बुडालेलं असायचं. मी टॅब दाबत दाबत अंदाजाने एंटर मारायची. वरची आवृत्ती विकत घेतली असती तर वॉलपेपर बदलता आला असता, ओके मात्र बुडालेलंच राहिलं असतं.

तेव्हापासून कुणाचाही स्वस्त लॅपटॉप हातात आला की मी आधी एकच गोष्ट बघते. अडतंय ते कुलूप आहे की कुवत? कुलूप म्हणजे सॉफ्टवेअरनं घातलेली बंदी. ती उघडता येते, कधी फुकट, कधी पैसे भरून. कुवत म्हणजे बोर्डावर डाग देऊन बसवलेली मेमरी, चिमूटभर स्टोरेज, मंद प्रोसेसर. ती वाढत नाही, आहे तिच्यात भागवावं लागतं. लोक कुवतीचं दुखणं घेऊन कुलूप फोडत बसतात, नाहीतर नुसत्या कुलपाला वैतागून लॅपटॉप बदलतात. दोन्हींत नुकसान आपलंच.

आधी ओळख पटवा

सेटिंग्ज उघडा, सिस्टिम, मग सर्वांत खाली अबाउट. इथे तीन ओळी वाचायच्या आणि शक्यतो मोबाइलनं फोटो काढून ठेवायचा.

पहिली 'एडिशन'. नुसतं 'विंडोज ११ होम' आहे, की 'होम इन एस मोड' आहे, की 'होम सिंगल लँग्वेज'? दुसरी 'इन्स्टॉल्ड रॅम'. तिसरी 'सिस्टिम टाइप'. तिथे एआरएम असं दिसलं तर ती कुवतीची गोष्ट आहे. त्या प्रोसेसरवर नेहमीचे बरेच प्रोग्रॅम नक्कल करून चालतात, पण ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखं उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम, खास एआरएमसाठी लिहिलेलाच लागतो. जुना प्रिंटर किंवा एखादी यूएसबी चावी तिथे हटून बसते आणि एस मोड काढूनही ती चालत नाही. चौथी गोष्ट स्टोरेज. ती सिस्टिमच्या खाली वेगळ्या पानावर दिसते.

स्टोरेज किती आहे इतकंच बघून थांबू नका, कुठल्या जातीचं आहे तेही बघा. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समधल्या डिस्कवर क्लिक केलं की वर मॉडेलचं नाव येतं. ते नाव घेऊन शोधलं की ईएमएमसी की एसएसडी ते कळतं. ईएमएमसी म्हणजे मोबाइलमधल्यासारखी बोर्डावरच चिकटवलेली चिप. तिच्या ५.१ या पिढीची कागदावरची कमाल सेकंदाला ४०० एमबी आहे, आणि छोट्या छोट्या फायली लिहिताना ती त्याच्या जवळपासही जात नाही. अपडेटच्या वेळी नेमकं तेच काम असतं, म्हणून तर अपडेट तासन्‌तास रेंगाळतं.

एस मोडचं कुलूप

हे सर्वांत सोपं कुलूप, आणि लोक सर्वांत जास्त घाबरतात तेही याच्याच बाबतीत.

एस मोड २०१७ मध्ये 'विंडोज १० एस' अशा स्वतंत्र आवृत्तीच्या रूपात आला आणि पुढच्या वर्षी तो नेहमीच्या विंडोजवरचा एक मोड झाला. यात अ‍ॅप फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनच घेता येतात. डाउनलोड केलेली ईएक्सई फाइल, म्हणजे नेटवरून उतरवलेला प्रोग्रॅम, उघडत नाही. कमांड प्रॉम्प्ट, पॉवरशेल, रजिस्ट्री एडिटर बंद. दुसऱ्या कंपनीचा नेहमीचा अँटिव्हायरस चालत नाही. प्रिंटर विंडोज अपडेटनं स्वतःहून ओळखला तर ठीक, पण कंपनीच्या साइटवरून ईएक्सईमध्ये आलेला ड्रायव्हर बसत नाही.

हे कुलूप काढायला एक पैसा लागत नाही. मात्र एकदा काढलं की परत घालता येत नाही. कृती अशी:

१. सेटिंग्ज, सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशन. विंडोज १० वर हेच पान 'अपडेट अँड सिक्युरिटी'च्या खाली असतं.

२. तिथे 'स्विच टू विंडोज ११ होम' असा भाग शोधा आणि त्यातल्या स्टोअरच्या बटणावर क्लिक करा.

३. स्टोअरमध्ये 'स्विच आउट ऑफ एस मोड' असं पान उघडतं. त्यावर 'गेट' दाबा. झालं. रीस्टार्टसुद्धा मागत नाही.

आता दुसऱ्या पायरीवर जरा थांबा. त्याच पानावर 'अपग्रेड युवर एडिशन ऑफ विंडोज' असाही भाग दिसू शकतो आणि त्यातही स्टोअरचंच बटण असतं. दिसायला दोन्ही जुळी भावंडं. हे दुसरं बटण तुम्हाला प्रो ही होमच्या वरची आवृत्ती विकत घ्यायच्या पानावर नेतं. भाची तिथेच पोचली होती. "मावशी, हे तर पैसे मागतायत!" मी म्हटलं, मागे ये, 'स्विच' हा शब्द जिथे दिसेल तिथेच दाब, 'अपग्रेड' दिसलं तर हात मागे. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे.

कधी कधी स्टोअरचं पान उघडतच नाही, नाहीतर 'गेट' दाबून काही होत नाही. तेव्हा तारीख आणि वेळ बरोबर आहे का बघा. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. स्टोअरमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन करा. एवढ्यानं भागलं नाही तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या यादीत मायक्रोसॉफ्ट स्टोअर शोधा, 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये आधी 'रिपेअर' आणि मग 'रीसेट' करून पाहा. राहिलेले विंडोज अपडेटही एकदा पूर्ण होऊ द्या. लॅपटॉप शाळेनं किंवा ऑफिसनं दिलेला असेल तर तिथल्या अ‍ॅडमिननं ही वाट बंद केलेली असू शकते. मग त्यांनाच विचारायचं, दुसरा इलाज नाही.

व्हिडिओंमध्ये एक जुगाड फिरतो: बायोसमध्ये जा, सिक्युअर बूट बंद करा, मग रजिस्ट्रीत अमुक बदला. नका करू. जे काम फुकट आणि सरळ होतं त्यासाठी खिडकीतून उडी कशाला? मी मारली होती एकदा, मेव्हण्यांच्या लॅपटॉपवर. सिक्युअर बूट बंद केलं आणि पुढच्या वेळी चालू करताच निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली गेली. होम आवृत्तीतही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणारं संरक्षण, असतं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन केल्यावर ते बऱ्याच लॅपटॉपवर आपोआप चालू होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मेव्हण्यांना तर अकाउंटचा पासवर्डही आठवेना. रात्री साडेबाराला त्यांच्या जुन्या मोबाइलवर तो अकाउंट उघडा सापडला, म्हणून वाचले. तेव्हा काहीही करायच्या आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवर जाऊन आपल्या डिव्हाइसची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह करू नका. हसू नका, असं केलेले लोक मला माहीत आहेत.

एक फसवं कुलूपही आहे. एडिशनच्या ओळीत एस मोड नाही आणि तरी ईएक्सई अडतेय? मग सेटिंग्ज, अ‍ॅप्स, 'अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅप सेटिंग्ज' इथे जा. 'चूज व्हेअर टू गेट अ‍ॅप्स' समोर 'मायक्रोसॉफ्ट स्टोअर ओन्ली' असेल तर ते 'एनीव्हेअर' करा. दहा सेकंदांचं काम.

आणि हो, एस मोड काढायलाच हवा असंही नाही. माझ्या आईच्या लॅपटॉपवर मी तो मुद्दाम ठेवलाय. ती ब्राउझर, फोटो आणि पत्ते यांच्यापलीकडे जात नाही. कुणी फोनवर गोड बोलून "ही फाइल डाउनलोड करून उघडा" म्हणालं, तर ती फाइल उघडतच नाही. सगळेच भामटे त्यानं थांबत नाहीत, पण आळशी भामटे थांबतात.

सिंगल लँग्वेज आणि होम

सिंगल लँग्वेजचा त्रास बहुतेकांना कधी जाणवतच नाही. मराठी टाइप करायला तिची काही आडकाठी नसते. कीबोर्ड हवे तितके जोडा, इनस्क्रिप्ट घ्या नाहीतर फोनेटिक. बंदी आहे ती मेनू आणि बटणं ज्या भाषेत दिसतात तिच्यावर. दुसरी भाषा जोडायला गेलं की तुमचं लायसन्स एकच डिस्प्ले भाषा देतं असं उत्तर येतं. दुसऱ्या देशातून आणलेल्या लॅपटॉपवर सगळं परक्या भाषेत असेल तर हे फार टोचतं. त्यावर वाट दोनच. पैसे भरून प्रो घ्यायची, नाहीतर डेटा बाहेर काढून, हव्या त्या भाषेतलं विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवून, कोरं इन्स्टॉल करायचं. लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये, लायसन्सची की असते, त्यामुळे इन्स्टॉलर तीच सिंगल लँग्वेज आवृत्ती निवडतो आणि नेटला जोडल्यावर ती अ‍ॅक्टिव्हेट होते. एकच भाषा मिळते, पण कुठली ती तुम्ही ठरवता.

होममधून काय काय वगळलंय याची यादी मोठी आहे, पण घरगुती माणसाला त्यातलं एकच खटकतं. होमवरून रिमोट डेस्कटॉपनं दुसऱ्या मशीनमध्ये जाता येतं, पण होमच्या मशीनमध्ये कुणाला तसं येता येत नाही. त्यासाठी प्रो घेऊ नका. दुरून मदत करायचं विंडोजचंच क्विक असिस्ट फुकट आहे आणि नातेवाइकांची मशीन दुरुस्त करायला पुरतं. ग्रुप पॉलिसी एडिटर हवा म्हणून प्रो घेणारे लोक वेगळे. ते हे वाचतही नसतील.

आता कुवत: जागा

एस मोड निघाला, भाचीनं तिचा प्रोग्रॅम उतरवला, आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन. "मावशी, जागाच नाहीये."

तिच्या लॅपटॉपच्या खोक्यावर ६४ जीबी लिहिलंय. कंपनी जीबी हजाराच्या हिशेबानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून तेच ६४ विंडोजला ५९.६ दिसतात. त्यात रिकव्हरीचं पार्टिशन वेगळं. शिवाय विंडोज स्वतः, आणि अपडेटसाठी बाजूला ठेवलेले साधारण ७ जीबी. हे 'रिझर्व्हड स्टोरेज' २०१९ पासून नव्या मशीनवर येतं. ते बंद करायचा मोह होतो. मी करत नाही, कारण ती जागा आपण भरून टाकणार आणि पुढचं अपडेट अडकणार. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी लागतात असं मायक्रोसॉफ्टच सांगते. म्हणजे ६४ हा तळ आहे आणि भाची त्या तळावर उभी आहे.

सोप्यापासून सुरुवात करा. सेटिंग्जमधल्या स्टोरेजच्या पानावर 'टेम्पररी फाइल्स' उघडा. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसत असेल तर ते एकटंच कित्येक जीबी खातं. मोठ्या अपडेटनंतर मागे उरलेलं हे जुनं विंडोज दहा दिवसांनी आपणहून जातं, पण नवं नीट चालत असेल तर आधीच काढायला हरकत नाही. 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'च्या फायलीही टाका. 'डाउनलोड्स'च्या चौकटीवर मात्र डोळे मिटून टिक करू नका, तिथे आपल्याच फायली असतात. मग तिथलंच 'स्टोरेज सेन्स' चालू करून सोडा.

वनड्राइव्ह वापरत असाल तर फोल्डरवर उजवं क्लिक करून 'फ्री अप स्पेस' दाबा. फाइल क्लाउडवर राहते आणि उघडली की पुन्हा उतरते. नेट नसलेल्या ठिकाणी ती उघडणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.

कार्डाची खाच असेल तर मायक्रोएसडी घालून फोटो आणि व्हिडिओ तिकडे हलवा. स्टोअरची अ‍ॅपही तिकडे ठेवायची तर कार्ड एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेलं लागतं. ते न करता "अ‍ॅप हलतच नाहीत" म्हणणारे खूप. आणि कार्डावर एकुलती एक प्रत ठेवू नका. कार्ड काही न सांगता मरतं.

आता माझी आवडती युक्ती. विंडोजच्या स्वतःच्या फायली दाबून लहान करता येतात. साधारण दीड-दोन जीबी सुटतात आणि रोजच्या वापरात फरक जाणवत नाही. नवीन लॅपटॉपवर हे कधी कधी आधीच केलेलं असतं. पण कमांड द्यावी लागते, म्हणून एस मोड आधी गेलेला हवा. मी हे भाचीला फोनवरून करायला लावलं.

"चार्जर लाव. स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक. टर्मिनल अ‍ॅडमिन. हो म्हण."

"काळी खिडकी आली."

"इंग्रजीत लिही, कॉम्पॅक्ट. मग जागा सोड. मग तिरकी रेघ."

"कुठली? दोन आहेत."

"प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. तिला चिकटून पुन्हा कॉम्पॅक्ट, त्याला चिकटून ओएस. जागा सोडू नकोस. मग कोलन. अपूर्णविराम गं, दोन टिंबं. मग क्वेरी. एंटर."

"लाल अक्षरात ओरडतोय."

"कॉम्पॅक्ट किती वेळा लिहिलंस?"

"...एकदाच. थांब."

क्वेरीचं उत्तर आलं: सिस्टिम दाबलेली नाही. मग तीच ओळ पुन्हा, फक्त क्वेरीच्या जागी ऑलवेज. आता खिडकी बंद करायची नाही आणि झाकणही मिटायचं नाही. तिच्या ईएमएमसीवर वीसेक मिनिटं लागली. संपल्यावर मोकळी जागा ६.१ वरून ७.९ जीबी झाली. कधी उलटवायचं झालं तर ऑलवेजच्या जागी नेव्हर.

हायबरनेशन, म्हणजे उघडं काम डिस्कवरच्या एका फाइलमध्ये ठेवून मशीन बंद करायची सोय, बंद करून आणखी जागा मिळते. ती फाइल सहसा रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे ४ जीबीच्या मशीनवर साधारण दीड जीबी. पण मग लॅपटॉप नुसता मिटून दप्तरात टाकला की बॅटरी संपेपर्यंत तो झोपेतच राहतो आणि मशीन चालू व्हायलाही जरा जास्त वेळ घेतो. रोज नेआण करणाऱ्याला मी हे करू देत नाही. घरी टेबलावरच असतो त्यानं खुशाल करावं.

३२ जीबीचे जुने लॅपटॉप हा वेगळाच वनवास. विंडोज १० च्या मोठ्या अपडेटला जागा पुरली नाही तर किमान १० जीबी मोकळी असलेली पेन ड्राइव्ह लावा. इन्स्टॉलर ती तात्पुरती वापरू का असं विचारतो. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ३२ जीबीवर विंडोज ११ ची अट भरतच नाही. अशा मशीनवर मी विंडोजशी झगडणं सोडून लिनक्स मिंट घालते. त्याला २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा चालते, ४ जीबी रॅम असेल तर बरं. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघा: वायफाय, आवाज, टचपॅड, ब्राइटनेस. या चारांपैकी एखादं अडलं तर इन्स्टॉल करू नका. लॅपटॉप अजून एस मोडमध्येच असेल तर ती पेन ड्राइव्ह बनवायला दुसरा कॉम्प्युटर लागतो, कारण एस मोडमध्ये ते काम करणारे प्रोग्रॅम चालतच नाहीत. आणि वर लिहिलेली रिकव्हरी की इथेही जवळ ठेवा.

मेमरी

यावर फार सांगण्यासारखं नाही. ४ जीबी बोर्डाला चिकटवलेली असेल तर ती ४ जीबीच. टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप अ‍ॅप्स'मध्ये जाऊन अँटिव्हायरस आणि टचपॅडसारखं कामाचं सोडून बाकी सगळं बंद करा. एज ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' बंद आणि 'स्लीपिंग टॅब्ज' चालू. विजेट्स टास्कबारवरून काढा. विकणाऱ्यानं भरून दिलेला चाचणीपुरता अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करा, विंडोजचा डिफेंडर पुरतो. रॅम मोकळी करून देणारी 'बूस्टर' अ‍ॅप मात्र घालू नका. एवढ्याशा घरात अजून एक पाहुणा कशाला?

एक गोष्ट जरूर तपासा. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये ईएमएमसी चिकटवलेली असते, पण शेजारी पट्टीसारखी एसएसडी बसवायची एम.२ ची रिकामी खाच सोडलेली असते. कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर त्यात 'एम डॉट टू' शोधा. सापडलं तर आधी ती खाच साटा जातीची एसएसडी घेते की एनव्हीएमई जातीची, आणि किती लांबीचं कार्ड बसतं, ते वाचा. मगच एसएसडी घ्या. भाचीच्या लॅपटॉपमध्ये ती निघाली नाही. मेव्हण्यांच्यात निघाली. २५६ जीबी बसवल्यापासून त्यांचा मला फोन नाही, फक्त सणावाराला येतो.

ज्यांनी अजून घेतला नाही त्यांच्यासाठी

खोक्यावरचे मोठे आकडे सोडा आणि बारीक अक्षरं वाचा. 'एस मोड' लिहिलेलं असेल तर घाबरू नका, ते फुकट निघतं. 'ईएमएमसी' असेल तर रिकाम्या खाचेची चौकशी करा. 'ऑनबोर्ड' किंवा 'सोल्डर्ड' रॅम ४ जीबी असेल आणि दुसरी खाच नसेल तर मी तो लॅपटॉप घेत नाही, भाव कितीही पाडला तरी. त्यापेक्षा नीट तपासलेला, वापरलेला, ८ जीबी रॅम आणि एसएसडीवाला बरा. फक्त तो विंडोज ११ च्या प्रोसेसर यादीत बसतो का ते पाहून घ्या. दुकानात मशीन चालू असेल तर अबाउटचं पान तिथेच उघडायला लावा. त्याला एक मिनिटही लागत नाही.

भाची आता दर रविवारी मोकळ्या जागेचा आकडा मला मेसेज करते. परवा ५.२ आला. मी विचारलं, काय उतरवलंस? तर म्हणाली, "काही नाही गं, फक्त एक गेम." मी तिला मायक्रोएसडी आणायला सांगितलंय.